दफ्तर पुण्यात, प्रबंध कलकत्त्यात

१९२३ साली कलकत्ता विद्यापीठाने मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अष्टप्रधान, चौथ-सरदेशमुखी, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, जमाबंदी, न्यायनिवाडे असा सगळा संसार त्यात मांडला होता. लेखक होते सुरेंद्रनाथ सेन, पूर्व बंगालातल्या बारिसाल भागातून आलेले अध्यापक. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हती. ती त्यांनी या कामासाठी शिकून घेतली होती. त्याआधी तीन वर्षे, १९२० साली, त्यांनी सभासदाची बखर इंग्रजीत आणली होती आणि तीही कलकत्त्यातूनच निघाली होती.

त्या वेळी मुंबई विद्यापीठाला सहासष्ट वर्षे झाली होती. पेशव्यांचे दफ्तर पुण्यात होते. ते वाचू शकणारी माणसे पुणे, सातारा, मिरज, धुळे, वाई अशा गावांतून विखुरलेली होती, आणि या विषयावर मराठीत शेकडो पाने छापून पडली होती. असे असूनही मराठ्यांच्या कारभाराचा विद्यापीठीय शिस्तीतला पहिला मोठा अभ्यास हुगळीच्या काठी का व्हावा? याचे उत्तर शोधू गेलो की महाराष्ट्रात इतिहास हा विषय कसा शिकला गेला, कुठे शिकला गेला आणि कुठे शिकला गेला नाही, याची सबंध हकिकत हाती येते. आमच्याकडे इतिहासाचे खरे विद्यापीठ वर्गाबाहेर भरत होते. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याची किंमतही आपणच मोजली आहे.

सुरुवात १८५७ पासून करायला हवी. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. शिकवायचे काम कॉलेजांचे. संशोधन हा शब्द त्या व्यवहारात कुठेच नव्हता. १८५९ साली मुंबईची पहिली मॅट्रिक झाली आणि एकवीस मुले पास झाली. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांतल्या दोघांनी पुढे इतिहासाला हात घातला. तो कॉलेजने सांगितले म्हणून घातला, असे मात्र म्हणता येत नाही.

कॉलेजात शिकवला जाणारा इतिहास मुख्यतः इंग्लंडचा आणि ग्रीस-रोमचा असे. हिंदुस्थानचा आलाच तर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या ग्रंथाच्या बोटाला धरून. एल्फिन्स्टन कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक म्हणून १८६० मध्ये आलेले सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलचे गाढे अभ्यासक होते. पुढे ते प्राचार्य आणि विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांच्याविषयीची एक गोष्ट रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. विद्यार्थी रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप इंग्रजांच्या विरुद्ध टाकले. ग्रँटसाहेबांनी बोलावून समज दिली की, जे सरकार तुला शिकवते आहे त्याच्यावर अशी टीका करणे बरे नव्हे. आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. रानड्यांविषयी ग्रँटना मनापासून कौतुक होते, हेही तितकेच खरे. त्यामुळेच ही गोष्ट बोलकी आहे. दुष्ट प्राध्यापकाने शिक्षा केली असती तर तो एका माणसाचा स्वभाव म्हणून सोडून देता आला असता. इथे विद्वान आणि प्रेमळ प्राध्यापकालाही मराठ्यांचा इतिहास हा परीक्षेत मत देण्याजोगा विषय वाटत नव्हता.

मग मत द्यायचे कुठे? संध्याकाळच्या सभेत. जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत निघाला होता. डफ साताऱ्याला रेसिडेंट होता. कागद, बखरी, माणसे त्याला हुकमी मिळाली आणि त्याने त्यांचा उपयोगही कसून केला. कॅप्टन केपनने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ‘मराठ्यांची बखर’ या नावाने ते शाळांतून शिकवले जाऊ लागले. म्हणजे मराठी मुलगा आपल्या पणजोबांचा पराक्रम साहेबाच्या इतिहासाच्या भाषांतरात वाचत होता. १८६७ च्या सुमारास पुण्यातल्या तरुणांच्या एका मंडळीपुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या विद्यार्थ्याने या पुस्तकावर टीकात्मक निबंध वाचला. डफच्या चुका काय, त्याने कोणते कागद पाहिले नाहीत, मराठ्यांच्या उदयाचे कारण त्याला कसे उमगले नाही, हे त्याने मुद्देसूद मांडले. मराठीतली इतिहास-चिकित्सा इथून सुरू झाली असे मी मानतो. ती कॉलेजच्या विद्यार्थ्याने केली, पण कॉलेजात केली नाही. त्याच सुमारास, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध केला. कीर्तन्यांचा निबंध आणि फुल्यांचा पोवाडा यांची वाचकमंडळी वेगळी, बाजू वेगळ्या आणि राजाचे चित्रही वेगळे. हा भेद पुढे विसरून चालणार नाही.

यानंतरची पन्नास वर्षे म्हणजे हौसेने इतिहासाला जुंपून घेतलेल्या माणसांची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासूनच्या निबंधमालेत इतिहासावर लिहिले आणि तरुणांना चेतवले. १८७८ साली काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ‘काव्येतिहास-संग्रह’ काढला. महिन्याच्या महिन्याला बखरी, पत्रे, यादी छापून ते वाचकांच्या पदरात घालू लागले. साने आणि मोडक शिक्षणखात्यातले. पगार शाळेचा आणि काम कागदांचे. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवत. पटवर्धनांच्या घराण्यातली पत्रे पाहायला मिळाली, आणि १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला. त्याचे डझनभर भाग त्यांनी स्वतः काढले. पत्रांच्या मधे मधे त्यांनी लिहिलेली निवेदने वाचावीत: नेमके, ठाशीव मराठी, एक शब्द जास्त नाही. त्यांना इतिहासाची पदवी नव्हती. तशी पदवी त्या वेळी खऱ्या अर्थाने कुणालाच नव्हती.

आणि विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. हे डेक्कन कॉलेजचे बी. ए. आपल्या शिक्षणाविषयी त्यांनी पुढे एक दीर्घ लेख लिहिला आणि त्यात शाळा-कॉलेजांची अशी हजेरी घेतली की आजही प्राध्यापकाने तो दार लावून वाचावा. वर्गातल्या व्याख्यानांना त्यांनी काडीची किंमत दिली नाही. ग्रंथालयाला मात्र दिली. परीक्षेला लावलेली पुस्तके सोडून बाकी सगळे ते वाचत. नोकरी फार टिकली नाही, पत्नी लवकर गेली, आणि हा माणूस मोकळा झाला. वाईच्या एका वाड्यात पानिपतच्या काळातल्या पत्रांचे घबाड हाती लागले आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड झाले. स्वयंपाकाची चार भांडी बरोबर घ्यायची, देवळात नाही तर कुणाच्या ओसरीवर पडायचे, हाताने शिजवून खायचे आणि वाडे, मठ, जोश्यांची घरे धुंडाळायची, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला निघालेले कागदही त्यांनी सोडले नाहीत.

राजवाडे मराठीतच लिहीत. इंग्रजीत लिहिले असते तर युरोपात नाव झाले असते, असे सांगणाऱ्यांना त्यांनी भीक घातली नाही. त्यांचा हा हट्ट मला कळतो, आणि त्याचा परिणामही दिसतो. विद्यापीठाची भाषा इंग्रजी होती. राजवाड्यांच्या प्रस्तावनांत कितीही स्फोटक विचार असला तरी त्या भाषेत तो नव्हता, म्हणून विद्यापीठाच्या लेखी तो नव्हताच. शिवाय मोडी लिपी. कागद मोडीत, आणि मोडी शिकवण्याची सोय कॉलेजात नाही. जो कागद वाचू शके तो बहुधा कुलकर्ण्याच्या, कारकुनाच्या, वैदिकाच्या घरातला असे आणि लिपी घरी शिकलेला असे. इतिहासाचे हे बाहेरचे विद्यापीठ सर्वांना खुले होते असे आपण मोठ्या तोंडाने म्हणतो. व्यवहारात ते बऱ्याच अंशी एकाच जातीचे राहिले, याचे एक कारण इथे आहे. राजवाड्यांच्या लेखनात जातीचा अभिमान उघड उघड डोकावतो, तेव्हा त्यांना तिथल्या तिथे अडवणारे कुणी सभेत बसलेले नसे. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिवछत्रपतींचे मोठे मराठी चरित्र लिहिले. केळुसकर मुंबईत शाळामास्तर होते. तरुण भीमराव आंबेडकरांच्या हाती बुद्धचरित्र ठेवणारे ते हेच. पुण्याच्या संशोधकांच्या पंगतीत त्यांना मानाचे पान मिळाले असे दिसत नाही.

१९१० च्या जुलैत राजवाड्यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाची रीत साधी होती. ज्याला जे सापडेल ते त्याने आणायचे, सभेपुढे वाचायचे, आणि सभेने त्याची चिरफाड करायची. टिपण दोन ओळींचे असले तरी चाले. पुरावा मात्र हवा. लोकमान्य टिळकांनी पुढे आणलेली जेधे शकावली १९१६ साली मंडळातून छापली गेली आणि शिवजन्माच्या तिथीचा सगळा वाद नव्याने उभा राहिला. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख बिनदिक्कत सांगतो तिचा मुख्य आधार ही शकावली. इतका मोठा प्रश्न हलवणारा कागद एका देशमुखाच्या घरून निघाला, एका संपादकाने वाचला, एका मंडळाने छापला. विद्यापीठाचा त्यात काडीइतकाही हात नव्हता. राजवाडे स्वतः मात्र पुढे मंडळाशी बिनसून बाहेर पडले. त्यांचे कुणाशी फार दिवस जमले असते तरच नवल! १९२६ च्या अखेरच्या दिवशी ते धुळ्याला वारले.

सरकारी दफ्तराची गोष्ट याहून अवघड आहे. पेशवाई बुडाल्यावर तिचे कागद इंग्रजांच्या हाती आले. इनाम कमिशनने वतने-इनामांची चौकशी आरंभली तेव्हा त्यात जागोजागच्या कागदांची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी पुण्यात खास दगडी इमारत बांधली आणि तिला एलियनेशन ऑफिस म्हणू लागले. लोक मात्र पेशवे दफ्तरच म्हणत. कागद रुमालांत बांधलेले, कपाटांत रचलेले. सरकारच्या दृष्टीने ते इतिहासाचे साधन नव्हते, जमिनीच्या दाव्यांचे पुरावे होते. कुणी आत शिरून कागद काढला आणि त्यावर इनामाचा दावा ठोकला तर काय, ही महसूलखात्याची काळजी. स्वराज्याचे कागद वाचून लोकांची डोकी फिरतील ही दुसरी. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या वजनदार माणसाच्या खटपटीने थोडी फट पडली. गणेश चिमणाजी वाड यांनी दफ्तरातल्या रोजकीर्दीतून उतारे काढले, आणि ते १९०२ ते १९११ या काळात नऊ भागांत छापले गेले. त्या रोजनिशींवर रानड्यांनी लिहिलेला निबंध वाचला म्हणजे विद्यार्थिदशेत शिष्यवृत्ती गमावलेल्या त्या मुलाने चाळीस वर्षांनी आपली बाजू कागदोपत्री मांडली, असे वाटते. त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली आला. पुढच्याच जानेवारीत ते गेले.

इकडे असे चालले असता कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींनी विद्यापीठाचा कायापालट चालवला होता. विद्यापीठाने स्वतः शिकवावे, स्वतः संशोधन करावे आणि त्यासाठी माणसे कुठूनही आणावीत, हा त्यांचा खाक्या. १९१७ मध्ये प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल अध्यासन त्यांनी कुणाला दिले? रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त यांना. पुण्यात त्याच वर्षी भांडारकरांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली. तीही विद्यापीठाच्या बाहेरच. बापाच्या नावाची संस्था पुण्यात आणि लेकाची खुर्ची कलकत्त्यात! पैशाची गोष्टही अशीच. मुंबईचे सट्टेबाज व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीत मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही विद्यापीठांना मोठ्या देणग्या दिल्या. मुंबईने त्यातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर बांधला. कलकत्त्याने त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती चालवली, आणि ती मिळवणाऱ्यांत जदुनाथ सरकार होते. टॉवर सुरेख आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण एकाच खिशातल्या पैशातून एका गावी घड्याळ झाले आणि दुसऱ्या गावी इतिहासकार.

सुरेंद्रनाथ सेन या कलकत्त्यात घडले. त्यांच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात दफ्तरातले अप्रकाशित रुमाल फारसे नाहीत. आहेत ते साने, वाड, राजवाडे, खरे आणि त्यांच्यासारखेच कागद गोळा करून छापणारे पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेले कागद. आमच्या माणसांनी उपाशीतापाशी गोळा केलेले दाणे होते. सेनांनी ते दळून भाकरी केली. हे करायला लागणारे प्रश्न त्यांच्यापाशी होते: ही पद्धत कुठून आली, धर्मशास्त्रांतून की सुलतानी अमलातून, कागदावरचा नियम गावात कितपत पोचत होता. साधने छापण्याच्या घाईत आमच्याकडे हे प्रश्न थोड्यांनीच विचारले होते, आणि विचारले तेव्हा बहुधा कुळाचा, जातीचा किंवा गावाचा कैवार घेऊन.

जदुनाथांची गंमत अशी की त्यांची एम. ए.ची पदवी इंग्रजी वाङ्मयातली. फारसी, मराठी, पोर्तुगीज ते गरजेपुरते शिकत गेले. १९१९ मध्ये त्यांचे शिवचरित्र निघाले आणि पुणे खवळले. मराठी बखरींवर त्यांचा भरवसा कमी, फारसी तवारिखा आणि इंग्रजी वखारींच्या पत्रांवर जास्त. पुणेकरांना यात पूर्वग्रह दिसला. जदुनाथांना पुणेकरांत अभिमान दिसला आणि त्याला ते शास्त्र म्हणायला तयार नव्हते. दोघांचेही थोडे थोडे खरे होते. शिवाजीराजांच्या कर्तृत्वाला त्या पुस्तकात कमीपणा दिला आहे असे जे अजून सांगतात त्यांनी शेवटचे प्रकरण वाचलेले नसते.

महाराष्ट्रात जदुनाथांचा जिवलग एकच: गोविंद सखाराम सरदेसाई. १८८९ पासून बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी; महाराजांना वाचून दाखवायचे, राजपुत्रांना शिकवायचे. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून रियासती जन्मल्या. १८९८ मध्ये मुसलमानी रियासत, १९०२ पासून मराठी रियासत. १९०४ पासून जदुनाथांशी पत्रव्यवहार, आणि तो अर्धशतक चालला. १९२५ साली सरदेसाई निवृत्त होऊन पुण्याजवळ कामशेतला राहायला आले. चार वर्षांनी सरकारने पेशवे दफ्तरातून निवडक कागद छापण्याचे ठरवले आणि ते काम त्यांच्यावर सोपवले. वय चौसष्ट.

मंडळाचा यावर जो राग झाला तो समजून घ्यायला हवा. इतकी वर्षे दार ठोठावले मंडळाने, आणि दार उघडले तेव्हा आत गेला एकटा माणूस, तोही बडोद्याहून आलेला, पाठीशी बंगाली मित्र. दफ्तर सर्व अभ्यासकांना खुले करा, ही मंडळाची मागणी तत्त्वाने बरोबरच होती. निवड म्हटली की निवडणाऱ्याची नजर आली. राजकारणाची, स्वाऱ्यांची पत्रे वर येतात आणि कुणब्याचे, कारागिराचे, बटकीचे कागद रुमालातच राहतात. तारखांच्या चुकाही झाल्या, त्या पुढे दाखवल्याही गेल्या. पण १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी पंचेचाळीस भाग काढले. मोडीचे बाळबोध करून, विषयवार लावून, थोडक्यात इंग्रजी परिचय देऊन. सर्वांना खुले करण्याची वाट पाहत बसलो असतो तर यातले किती आजवर छापले गेले असते, याचे उत्तर मंडळाच्या अभिमान्यांनी स्वतःशीच द्यावे. जदुनाथ पुण्याला येऊन या कामात बसत, सल्ला देत. मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरचे त्यांचे चार खंड या कागदांवाचून तसे झाले नसते.

या भांडणात मी सरदेसायांच्या बाजूला आहे, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. तरी मंडळाला एक श्रेय द्यायलाच हवे, आणि ते मोठे आहे. १९३५ च्या जूनमध्ये मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त दत्तो वामन पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या इतिहासाच्या अध्यापकांची परिषद पुण्यात भरवली. अध्यक्ष अलाहाबाद विद्यापीठाचे शफाअत अहमद खान. त्या परिषदेतून आजची भारतीय इतिहास परिषद उभी राहिली. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये अलाहाबादला झाले आणि अध्यक्ष होते देवदत्त भांडारकर. देशातल्या विद्यापीठीय इतिहासकारांची सर्वांत मोठी संस्था एका बिगरविद्यापीठीय मंडळाच्या अंगणात जन्मली.

विद्यापीठही एव्हाना कूस बदलत होते. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात १९२२ साली हेन्री हेरास नावाचे स्पॅनिश जेझुइट पाद्री इतिहास शिकवायला आले. १९२६ मध्ये त्यांनी संशोधनसंस्था काढली आणि प्रबंधावर एम. ए. करणारी मुले घडवायला घेतली. गोव्याकडचे जॉर्ज मोराएश कदंबांवर लिहून गेले, हसमुख सांकळिया नालंदेवर. कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण, मूळचे पंजाबी, १९३२ पासून शिवाजीराजांवर इंग्रजीत चार भागांचा ग्रंथ काढत होते. पुण्यातले डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये काटकसरीच्या नावाखाली बंद केले होते. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ ला ते पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. सांकळिया तिथे पुरातत्त्व घेऊन बसले, इरावती कर्वे समाजशास्त्र घेऊन, आणि मराठ्यांच्या इतिहासाची जागा मिळाली त्र्यंबक शंकर शेजवलकरांना.

शेजवलकर म्हणजे दोन्ही घरचे पाणी प्यायलेला माणूस. कागद राजवाड्यांच्या तोडीने वाचणारे आणि राजवाड्यांसकट कुणालाही न सोडणारे. १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजने त्यांचा पानिपतवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशव्यांवरची त्यांची टीका पुण्यात अनेकांना झोंबली. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दफ्तरातून त्यांनी नागपूरची पत्रे संपादली. सर्व रागलोभांसह सांगायचे तर वर्गाबाहेरचे आणि वर्गातले असे दोन्ही इतिहास पहिल्यांदा एका माणसात एकत्र आले ते इथे. त्यांच्या हयातीत त्यांचे शिवचरित्र पुरे झाले नाही; १९६४ साली, मरणानंतर, त्याची साधने आणि प्रस्तावना तेवढी छापली गेली.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये निघाले, मराठवाडा १९५८ मध्ये, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी काढले. पुण्याला १९६१ पासून पोतदार कुलगुरू झाले. मंडळाचा माणूस विद्यापीठाच्या गादीवर बसला. राज्य सरकारने त्यांच्याकडे सोपवलेले शिवचरित्र मात्र शेवटपर्यंत लिहून झाले नाही. अ. रा. कुलकर्णींनी १९६९ मध्ये शिवकालीन महाराष्ट्रावरचा ग्रंथ दिला आणि गाव, शेत, बाजार, वतन हे प्रश्न मराठी विद्यापीठांत रुजवले, सेनांच्या ग्रंथानंतर सेहेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात भारताचा इतिहास कसा अभ्यासावा हे देशाला शिकवणारे पुस्तक १९५६ साली पुण्यातूनच लिहिले गेले होते, आणि लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. इतिहास विभागात त्यांनी कधी नोकरी केली नाही.

आता उलटे झाले आहे. विभाग आहेत, अध्यासने आहेत, पीएच. डी.ची रांग आहे, आणि मोडी वाचणारा प्राध्यापक शोधावा लागतो. शाळांतून मोडी गेली त्याला दोन पिढ्या उलटल्या. विद्यापीठे ती प्रमाणपत्राच्या वर्गात, सुट्टीतल्या शिबिरात, हौसेखातर शिकवतात. त्या शिबिरांत निवृत्त बँक कर्मचारी, वकील, ट्रेकला जाणारी तरुण मुले दिसतात; एम. ए.ची मुले त्या मानाने कमी. छापील साधनांवर प्रबंध होतात, म्हणजे सान्यांनी, खऱ्यांनी आणि सरदेसायांनी जेवढे निवडले तेवढ्याच परिघात आपण फिरतो. जिल्ह्याजिल्ह्यातल्या महसुलाच्या, जातपंचायतींच्या, बायकांच्या वारसाहक्काच्या कागदांवर काम करू इच्छिणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षी लिपी शिकायची, की नेटची तयारी करायची, हा प्रश्न पडतो, आणि तिचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी कधीच मोडी नव्हती त्या घरांतली मुले आज इतिहासाच्या वर्गात बसली आहेत. लिपी विद्यापीठाने शिकवली नाही तर ती त्यांना आणखी कुठे मिळणार?

१९३३ मध्ये सरदेसायांनी दफ्तराची मार्गदर्शिका छापली, तिच्यात एकूण रुमालांची संख्या ३४,९७२ दिली आहे. त्यांपैकी मराठी २७,३३२. पंचेचाळीस भागांत आले ते त्यांतले मूठभर. महाराष्ट्रातल्या प्रत्येक इतिहास विभागाने एम. ए.च्या पहिल्या सत्रात मोडी सक्तीची करावी, तिला पूर्ण श्रेयांक द्यावेत, आणि मध्ययुगीन किंवा पेशवाईवरचा पीएच. डी.चा विषय मंजूर करण्यापूर्वी उमेदवाराकडून एक न छापलेला रुमाल वाचून घ्यावा. पुण्याचे दफ्तर आज अभ्यासकांना खुले आहे. अर्ज करून आत जाता येते.